'टॅक्सिक'चं 'टॅक्टिक' कसं झालं?

मावशीचा फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरला, तेव्हा तिच्या फाइलीत एक शब्द आला: स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. पुढच्याच आठवड्यात एका जुन्या पुस्तकात 'स्टिरिओटॅक्सिक' दिसलं, आणि त्या एका अक्षराचा मी पिच्छाच पुरवला.

लंडनच्या हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी १९०८ साली प्राण्यांच्या डोक्यावर बसणाऱ्या चौकटीचं वर्णन केलं. तीन आकडे दिले की सुई मेंदूतल्या ठरल्या बिंदूवर पोचायची. चौकटीचं नाव त्यांनी ग्रीकमधून घेतलं: 'स्टिरिओस' म्हणजे घन, 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी. १९४७मध्ये स्पीगल आणि वायसिस यांनी चौकट माणसाच्या डोक्यावर आणली. १९७३मध्ये अशी चौकट वापरणाऱ्या मेंदू-शल्यविशारदांच्या जागतिक संघटनेने 'टॅक्टिक' हे रूप पक्कं केलं. त्याची फोड लॅटिन 'टॅक्टस', म्हणजे स्पर्श, अशी सांगतात. सुई स्पर्श करते ना!

मला हे पटत नाही. 'टॅक्टिकोस' हे 'टॅक्सिस'च्याच घरचं ग्रीक विशेषण आहे. 'सिंटॅक्स'चं 'सिंटॅक्टिक' होतं, तिथे कुणी लॅटिनकडे धावत नाही. शिवाय माझ्या बाजूने स्वीडनचे लार्स लेक्सेल उभे आहेत. त्यांच्या १९४९च्या चौकटीला कमान होती आणि लक्ष्य त्या कमानीच्या मध्यबिंदूवर. कमानीवर कुठूनही निघा, पोचणार तिथेच. मग सुई हवीच कशाला? १९५१मध्ये त्यांनी सुईच्या जागी क्ष-किरणांची नळी बसवली आणि 'रेडिओसर्जरी' हा शब्द दिला. स्पर्श गेला, मांडणी उरली.

१९६८मध्ये स्टॉकहोमला लेक्सेल यांचं किरणांचं यंत्र, पहिला गॅमा नाइफ, सुरू झालं. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. एकेक किरण क्षीण, म्हणून वाटेतला मेंदू बचावतो. सगळे जिथे मिळतात तिथेच मारा प्रखर. लेक्सेल यांच्या मनात तेव्हा असह्य वेदना आणि कंपवात होते, पसरलेला कॅन्सर नव्हता. पण स्कॅनमध्ये त्या कॅन्सरच्या बारीक दुय्यम गाठी दिसू लागल्या आणि या यंत्राला जणू त्याचंच काम सापडलं. दुय्यम गाठ बहुधा गोल आणि रेखीव कडेची असते. मेंदूत मुळं पसरवण्याऐवजी ती त्याला बाजूला ढकलते. एरवी सगळ्या मेंदूला रेडिएशन द्यायचे आणि त्याची झळ स्मरणशक्तीला लागायची.

मावशीच्या डोक्याला चार पिनांनी बसवलेली चौकट लेक्सेल यांच्याच नावाची होती. गाठी तीन. शेजारच्या कागदावर प्रत्येकीसमोर तीन आकडे लिहिले होते: क्ष, य, झ.