सही राहिली, पत्र गेले

थोरांच्या सहीची पत्रे जमविण्याचा छंद निरुपद्रवी समजला जातो. तो तसा नेहमीच असतो काय, हे अमेरिकेच्या एका उदाहरणावरून पाहू.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या. पुढील शतकात त्या सर्वांचे एकेक तरी हस्ताक्षर मिळविण्याचे वेड तेथील संग्राहकांना लागले. त्यांपैकी जॉर्जियाचा बटन ग्विनेट १७७७ साली द्वंद्वयुद्धात मेला. त्याचे कर्तृत्व बेताचे. पण सह्या मोजक्याच उरल्या, म्हणून त्यांना अतोनात मोल आले. उलट रॉबर्ट मॉरिसने युद्धकाळी रित्या खजिन्याचा भार उचलला, स्वतःची पत पणाला लावली, आणि पुढे जमिनीच्या सट्ट्यात बुडून १७९८ ते १८०१ पर्यंत कर्जापायी तुरुंग भोगला. परंतु रोख्यांवर त्याच्या सह्या विपुल, म्हणून त्या स्वस्त! बाजार दुर्मिळता तोलतो, कर्तृत्व नव्हे.

यात बिघडले कोणाचे, असे आपण विचाराल. वॉशिंग्टनने १७८९ च्या अध्यक्षपदग्रहणासाठी स्वहस्ते लिहून ठेवलेले, पण न केलेले एक लांबलचक भाषण होते. त्याच्या कागदपत्रांचा संपादक जेअर्ड स्पार्क्स याने ते महत्त्वाचे नाही असे ठरविले, आणि हस्ताक्षराचे नमुने म्हणून कापून त्याचे तुकडे मित्रांना वाटले. स्पार्क्स हा अडाणी नव्हे. पुढे तो हार्वर्डचा अध्यक्ष झाला. आज अभ्यासकांच्या हाती त्या भाषणाचे तुकडेच आहेत. अक्षर राहिले, विचार तुटला.

आपल्याकडे शिवकालीन राजपत्राची ओळख सहीवर नसून शिरोभागीच्या मुद्रेवर आणि शेवटच्या मोर्तबावर असे. त्यामुळे सहीसाठी कात्री चालविण्याचा मोह कमी. पण वाळवी आणि रद्दीवाला यांचे भय मोठे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, तेव्हा नामांकितांबरोबर सामान्यांचे कागदही छापले. कारण एखाद्या अप्रसिद्ध सावकाराच्या पत्रातला व्याजाचा दरही राज्याची नाडी सांगून जातो.

आपल्या माळ्यावर जुन्या कागदांचा एखादा रुमाल असेल, तर त्यातून मोठे नाव तेवढे वेचून काढू नका. शेजारच्या कागदावाचून एकटे पत्र मुके होते. रुमाल आहे तसा, आहे त्या क्रमाने, जाणत्यांच्या स्वाधीन करा.