झिजलेल्या रोमन प्रांतिक नाण्यांची ओळख : साधन आणि मर्यादा

रोमन नाण्यांचा विचार करताना लॅटिन लेख असलेली सोन्या-चांदीची शाही नाणी प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि साम्राज्याच्या पूर्व भागातील शेकडो नगरे इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत स्वतःची, मुख्यतः कांस्याची, नाणी पाडीत होती. त्यांवर बहुधा सम्राटाचे मुख व ग्रीक लेख, तर मागील बाजूस नगराचे दैवत वा मंदिर असे. अनेक लहान नगरांविषयी लिखित साधने तुटपुंजी असल्याने ही नाणीच त्यांच्या इतिहासाचा प्रमुख पुरावा ठरतात. मात्र दीर्घकाळ बाजारात फिरल्यामुळे ती बरेचदा झिजलेली आढळतात. अशा वेळी ओळख चुकली, तर एका नगराचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

लेख पुसला गेला असला तरी धातू, वजन, व्यास, जाडी आणि कडेची घडण शिल्लक असते. अलेक्झांड्रियाच्या अनेक कांस्य नाण्यांची कड उतरती असते. त्यानंतर मुखाची बाह्यरेषा पाहावी. हॅड्रियनपासून (इ. स. ११७–१३८) सम्राटांच्या प्रतिमांत पूर्ण दाढी रूढ झाली, त्यामुळे दाढीची रेषाही काळाची ढोबळ मर्यादा सुचविते. मागील बाजूवरील अर्गेअस पर्वत कॅपाडोशियातील सीझरियाकडे, तर मंदिरातील शंकूच्या आकाराची शिळा सायप्रसमधील पाफोसकडे निर्देश करते.

केवळ चित्रावर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. एफेससची आर्टेमिस इतर नगरांच्या नाण्यांवरही आढळते. म्हणून उरलेली दोन-तीन अक्षरे निर्णायक ठरतात. ग्रीक लेखात नगराचे नाव बहुधा ‘अमुक नगरवासीयांचे’ अशा षष्ठी बहुवचनी रूपात येते. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर वर्षदर्शक चिन्हापुढील अक्षर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष सांगते. अशा तुलनेसाठी १९९२ मध्ये प्रारंभ झालेली ‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’ ही ग्रंथमाला मूलभूत ठरली आहे.

झीज आणि हेतुपुरस्सर केलेली खोड यांतील भेदही महत्त्वाचा आहे. इ. स. २११ मध्ये कॅराकॅलाने बंधू गेटाची हत्या घडविली व त्याची स्मृती पुसण्याचे आदेश निघाले. कॅरियातील स्ट्रॅटोनिसियाच्या नाण्यांवर दोघा बंधूंच्या समोरासमोरील मुखांपैकी गेटाचे मुख खरवडलेले दिसते. झीज उंचवट्यांवर सर्वत्र पसरते. खोड एकाच जागी, लगतची आकृती शाबूत ठेवून केलेली असते. ही खोड झीज समजली गेल्यास राजकीय दमनाचा प्रत्यक्ष पुरावा नजरेआड होतो.

सारांश, ओळखीची नोंद करताना ‘निश्चित’, ‘संभाव्य’ आणि ‘अनिर्णित’ असे स्तर स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे. अनिर्णित नाणे पुढील अभ्यासाला खुले राहते. चुकीच्या नावाने नोंदलेले नाणे मात्र तो मार्ग बंद करते.