पाठराखिणीची पाठराखण

मराठीत ‘अ‍ॅडव्होकेट’ म्हटलं की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतली ‘व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेट’ मात्र वकील नसते. अत्याचार झालेल्या बाईबरोबर इस्पितळात, पोलिसांकडे, कोर्टात जाणारी, मध्यरात्री फोनवर तिचं ऐकून घेणारी ती सोबतीण. मला आपला जुना शब्द आठवतो, पाठराखीण. आपल्याकडची पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते. ही कधी कधी सासरहून बाहेर पडताना सोबत करते.

मी इथे एम.एस. करायला आले आणि सॉफ्टवेअरमध्ये रमले. काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात दक्षिण आशियाई स्त्रियांच्या एका हेल्पलाइनसाठी ४० तासांचं प्रशिक्षण घेतलं. तेव्हा या कामाचा इतिहास कळला.

१९७० च्या सुमारास इथल्या स्त्रिया छोट्या गटांत बसून आपापले अनुभव बोलू लागल्या. त्या वातावरणातून १९७१ मध्ये ‘बे एरिया विमेन अगेन्स्ट रेप’ आणि १९७२ मध्ये वॉशिंग्टनचं रेप क्रायसिस सेंटर उभं राहिलं. पगार नव्हते, अनेकजणी स्वतः त्यातून गेलेल्या. दुसरीला आधार देणं आणि एकमेकींना आधार देणं ही वेगळी कामं नव्हतीच. पुढे आपल्या लोकांसाठी न्यू जर्सीत ‘मानवी’ (१९८५), न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ (१९८९) आणि बे एरियात ‘मैत्री’ (१९९१) सुरू झाल्या.

१९८४ च्या कायद्याने केंद्रीय गुन्हेगारांच्या दंडातून पीडितांसाठी निधी उभा राहिला, १९९४ च्या कायद्याने आणखी पैसा आला. फार मोठं काम झालं. पण पैशाबरोबर अर्ज, अहवाल, आकडेही आले, आणि एकमेकींसाठी बसायची वेळ कमी होत गेली.

मग हरवलेल्या गोष्टीचं दुखणं पुस्तकात आलं. सतत दुसऱ्याचं दुःख ऐकून ऐकणाऱ्याची जगाकडे पाहायची नजरच बदलते, याला मॅकॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये नाव दिलं. १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांचं ‘कम्पॅशन फटीग’ आलं. २०१७ मध्ये तर केंद्रीय न्याय खात्याच्या पीडित-साहाय्य कार्यालयाने संस्थांसाठी साधनसंचच काढला. म्हणजे, ही जबाबदारी एकट्या कार्यकर्तीची नाही, संस्थेचीही आहे.

हे सगळं मी वाचलं होतं. तरी एका रात्रीच्या फोननंतर कोलमडले. ती हकीकत गोपनीय आहे. नवऱ्यालाही सांगितलेली नाही. पण फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, लेकीवर उगाच ओरडायचे, मंडळाच्या पिकनिकमध्ये हसऱ्या जोडप्यांकडे संशयाने पाहायचे. काम सोडायचं ठरवलं. तेव्हा संस्थेतली एक गुजराती बेन म्हणाली, “तिचं राहू दे, तुझं सांग.” मी तासभर रडले. तिने एकही सल्ला दिला नाही.

आता आम्ही चौघीजणी महिन्यातून दोनदा बसतो. चहा असतो, कुणाचं नाव नसतं, उपाय सुचवायचे नसतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या बायका हेच करत होत्या.

आपल्या मंडळातही अशी कुणी असेल. “कुणाची केस?” असं तिला विचारू नका. एका संध्याकाळी तिची मुलं सांभाळा, डबा पोचवा, आणि ती कशी आहे ते विचारा.