विकासकर्जे आणि लोकमत : मणिबेली ते प्रतापगड

धरणे, कालवे, रेल्वे, पाणीपुरवठा अशा कामांसाठी सरकार जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपानची ‘जायका’ यांसारख्या संस्थांकडून कर्ज घेते. देशाने आधी काय करावे आणि त्यासाठी बाहेरचा पैसा घ्यावा का, याबद्दल लोकांना काय वाटते ते दोन ठिकाणी नोंदले जाते : सर्वेक्षणांच्या तक्त्यांत आणि प्रकल्पग्रस्तांच्या तक्रारअर्जांत. महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारची नोंद कितीतरी भरीव आहे. राज्याच्या वायव्य टोकाला मणिबेली (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) येथे पेटलेल्या वादातून जागतिक बँकेला तक्रारीची एक खिडकी उघडावी लागली. काही वर्षांनी त्याच खिडकीपुढे तिबेटी पठारावरील एका प्रकल्पाचे प्रकरण गेले. त्या पठारावरून परागंदा झालेल्या लोकांची महाराष्ट्रातील वसाहत राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडाजवळ आहे.

प्रतापगड परिसर : अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हे ठिकाण डोंगरावरचा जुना किल्ला, महाशिवरात्रीची मोठी यात्रा आणि ख्वाजा उस्मान यांचा दर्गा यांमुळे पूर्व विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. जवळच गाढवी नदीवरचा इटियाडोह जलाशय असून त्याच्या पाण्यावर गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतील धान पिकते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत होता. १९७२ मध्ये येथे गोठणगावच्या शिवारात ‘नोरग्येलिंग’ ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. आसपासच्या गावांत तिला ‘तिबेटियन कॅम्प’ म्हणतात आणि तिबेटी निर्वासित प्रशासनाच्या कागदांवर तिच्या नावाला ‘भंडारा’ अजून चिकटलेले आहे. पावसाळ्यात धानाची शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरांची विक्री, हे वसाहतीचे वर्षाचे गणित. भारतातील अशा वसाहती सरकारने दिलेल्या जमिनीवर आणि देशी-विदेशी मदतसंस्थांच्या अनुदानांवर उभ्या राहिल्या. म्हणजे परदेशी पैशाशी त्यांचा पहिला परिचय मदत म्हणून झाला, कर्ज म्हणून नव्हे.

आजूबाजूच्या शेतकऱ्याचा अग्रक्रम निराळा आणि जुना आहे. धानाचा हमीभाव, खरेदी केंद्र वेळेवर सुरू होणे, बोनस आणि तलावातला गाळ, या चार गोष्टींभोवती इथले राजकारण फिरते. मालगुजारीच्या काळातले हजारो तलाव (बोलीत ‘मामा तलाव’) कोहळी समाजाच्या जाणकारीतून बांधले गेले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. या तलावांसाठी वॉशिंग्टनहून कोणी पैसे पाठवले नव्हते, आणि ते बुजले तेव्हा कोणा बँकेने चौकशीही केली नाही.

सरदार सरोवर आणि मणिबेली : नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. त्यानुसार सरदार सरोवराच्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, पण बुडणार होती ती अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे, मणिबेली त्यांतलेच. मध्य प्रदेशात हा आकडा १९३, गुजरातेत १९. मे १९८५ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या वेळी बुडिताखालच्या कुटुंबांची धड मोजणीही झालेली नव्हती. पाटबंधारे खात्याचे नकाशे तयार होते, माणसांच्या याद्या नव्हत्या.

वादाचा खरा गाभा जमिनीच्या कागदात होता. सातपुड्यातील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जंगलातली ‘नेवाड’ जमीन कसत आले, सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव नव्हते. वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमणदार होते. लवादाच्या निवाड्यात खातेदाराला जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन होती. कागद नसलेल्याचे काय, हा प्रश्न राज्यांनी आपापल्या परीने सोडवायचा होता. बँकेचे स्वतःचे १९८२ चे आदिवासीविषयक धोरण याहून उदार होते, पण ते फायलीत होते. मेधा पाटकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नर्मदा बचाओ आंदोलनाने नेमकी ही फट पकडली. आंदोलन बँकेला बँकेचेच नियम वाचून दाखवू लागले. एरवी घोषणांतच विरून गेला असता असा विरोध त्यामुळे कागदोपत्री टिकला. १९९० मध्ये जपानने टर्बाइनसाठीच्या कर्जातून अंग काढून घेतले.

१९९१ मध्ये बँकेने स्वतंत्र समिती नेमली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स तिचे अध्यक्ष होते आणि कॅनडाचे कायदेपंडित थॉमस बर्जर उपाध्यक्ष. चालू प्रकल्पावर बँकेने बाहेरच्यांकडून अशी तपासणी करून घेण्याची ही पहिलीच वेळ. जून १९९२ च्या अहवालाने सांगितले की सध्याच्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणावरील परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही आणि बँकेने मागे सरकून फेरविचार करावा. त्या ऑक्टोबरात संचालक मंडळाने तरीही कर्ज चालू ठेवले. मात्र ३१ मार्च १९९३ पर्यंत काही अटी पुऱ्या करण्याचे बंधन घातले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी भारत सरकारने उरलेले १७ कोटी डॉलर नकोत असे कळवून टाकले.

स्वतःचा पैसा : यानंतर जे घडले ते बहुतेक लेखनात दोन ओळींत उरकले जाते. बँक गेली, धरण मात्र थांबले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सरदार सरोवर नर्मदा निगमने रोखे काढले : ३,६०० रुपये गुंतवा आणि वीस वर्षांनी १,११,००० रुपये घ्या. गुजरातच्या मध्यमवर्गाने ते हौसेने घेतले. लोकमताचा हाही एक कौलच होता, आणि मणिबेलीच्या कौलाच्या नेमका उलटा. (२००९ मध्ये निगमने हे रोखे मुदतीपूर्वीच ५०,००० रुपये देऊन मिटवले, त्यावर गुंतवणूकदारही नाराज झाले.) सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बांधकामाला वाट मोकळी करून दिली, १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले. कर्जदात्याला घालवणे म्हणजे प्रकल्प थांबवणे, हे समीकरण नर्मदेने खोटे पाडले. बँक असताना विस्थापिताला दिल्ली, मुंबई आणि वॉशिंग्टन अशा तीन दारांवर धडक मारता येत होती. ती गेल्यावर दोनच उरली.

पूर्व विदर्भातील गोसीखुर्द हे याचे दुसरे उदाहरण. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुरुवातीला ३७२ कोटींचा असलेला खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला, पुनर्वसनाची आंदोलने दशकानुदशके चालू राहिली. सगळा पैसा देशाचा, त्यामुळे बाहेरचा मोर्स नाही आणि बाहेरची चौकशीही नाही. परदेशी कर्जाला सरसकट गुलामी म्हणणाऱ्यांनी या धरणाच्या बुडीत गावांत एकदा फिरून यावे.

तपासणी मंडळ : मोर्स अहवालाची नामुष्की जागतिक बँकेला झोंबली. सप्टेंबर १९९३ मध्ये तिने तीन सदस्यांचे तपासणी मंडळ स्थापण्याचा ठराव केला. प्रकल्पाची झळ बसलेल्या किंवा बसू शकणाऱ्या किमान दोन व्यक्तींनी एकत्र अर्ज करावा. बँकेने आपलेच नियम मोडल्याने आपले नुकसान होते आहे, एवढे दाखवावे. वकील लागत नाही, ठरावीक नमुना लागत नाही, आपल्या भाषेतले साधे पत्रही चालते. मंडळ सरकारचा न्याय करत नाही, फक्त बँकेच्या वागण्याची तपासणी करते. पहिले प्रकरण नेपाळच्या अरुण-३ धरणाचे, आणि १९९५ मध्ये बँकेने त्यातून माघार घेतली. बँकेच्या पन्नाशीच्या वर्षी, सप्टेंबर १९९४ मध्ये, ४४ देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा असे जे निवेदन काढले, त्याला मणिबेलीचेच नाव दिले गेले.

छिंगहाई प्रकरण : २४ जून १९९९ रोजी बँकेच्या संचालक मंडळाने चीनच्या पश्चिम भागातील गरिबी निर्मूलनासाठी १६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातील ४ कोटींचा भाग छिंगहाई प्रांताचा होता. प्रांताच्या पूर्वेकडील सुमारे ५८ हजार गरीब शेतकरी दुलान तालुक्यात नेऊन वसवायचे आणि तिथे सिंचन करायचे, अशी ती योजना. तिबेटी लोक या मुलखाला आम्दोचा भाग मानतात. चीनच्या नकाशावरही तो मंगोल व तिबेटी स्वायत्त जिल्हाच आहे. बाहेरच्या वस्तीने आपण आपल्याच भूमीत आणखी अल्पसंख्य होऊ, हा निर्वासित तिबेट्यांचा आक्षेप. चीन आणि बँक यांच्या लेखी मात्र तो दारिद्र्याशी लढा होता. दोन्ही बाजू गरिबांचेच नाव घेत होत्या. अमेरिका व जर्मनी यांनी विरोधात मत दिले, तरी ठराव मंजूर झाला. मात्र तपासणी पूर्ण होईपर्यंत छिंगहाईत पैसा जाणार नाही, असेही ठरले.

इथे मंडळाच्या नियमातली मेख उघड झाली. तक्रार बाधित लोकांनी करायची आणि ते दुलानमध्ये होते, जिथे तोंड उघडणे धोक्याचे. त्यांच्या वतीने अमेरिकेतील एका तिबेटी पाठिंबा संघटनेने अर्ज दिला. परदेशी प्रतिनिधी चालतो का, यावर काथ्याकूट झाला आणि शेवटी संचालक मंडळाने स्वतःच चौकशीचा आदेश देऊन तो प्रश्न टाळला. २००० च्या वसंतात आलेल्या अहवालात भीतीच्या वातावरणात केलेल्या लोकसल्लामसलतीला काय अर्थ, हा प्रश्न होता, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने प्रकल्पाचे वर्गीकरण चुकले असा ठपकाही. जुलै २००० मध्ये चीनने कर्जाचा हा भाग मागे घेतला आणि काम स्वतःच्या पैशाने करू असे जाहीर केले. १९९३ मध्ये दिल्लीने दिलेले उत्तर हेच होते. एक सरकार मतपेटीतून येणारे, दुसरे न येणारे, पण तपासणीला दोघांनी दिलेला जबाब एकच निघाला.

प्रतापगडच्या वसाहतीचे स्थान या चौकटीत अवघड आहे. तिथला तिबेटी माणूस दुलानचा रहिवासी नसल्याने बँकेच्या नियमानुसार बाधित नाही. भारतात तो नोंदणी प्रमाणपत्रावर राहणारा परदेशी आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेट्यांचे जन्मसिद्ध नागरिकत्व दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशांची मतदार नोंदणी करण्यास सांगितले. त्याच वर्षी केंद्राच्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने राज्यांना जमिनीचे भाडेपट्टे आणि कल्याणकारी योजनांचा लाभ देण्याची सूचना केली. रेशन, रोजगार हमी, रस्ता, पाणी : या अग्रक्रमांत वसाहत आणि शेजारची गावे यांत फारसा फरक नाही.

महाराष्ट्रातील इतर प्रसंग : नर्मदेतून बँक बाहेर पडल्यावर महिन्याभरातच तिने दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाला कर्ज नाकारले. कारण दिले आर्थिकदृष्ट्या न परवडण्याचे. कालपर्यंत बँकेला शिव्या घालणारे कार्यकर्ते गुहागरच्या सभांत बँकेचाच दाखला देऊ लागले, आणि त्यात विसंगती काही नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर २४.६ कोटी डॉलरचे कर्ज आले. त्यातून ५२ गावे नव्या जागी वसली, वाद झाले ते घरांच्या आराखड्यावर. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात (२००२) लाखभर माणसे हलवावी लागली. सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यावरील दुकानदारांनी तपासणी मंडळाकडे तक्रार केली, तेव्हा मार्च २००६ मध्ये बँकेने काही महिने पैसा रोखला. बुलेट ट्रेनसाठी ‘जायका’चे कर्ज ०.१ टक्के व्याजाचे आणि ५० वर्षांच्या मुदतीचे. पालघरच्या ग्रामसभांनी व्याजदर पाहिला नाही, जमीन पाहिली.

सर्वेक्षणे आणि पाट्या : जागतिक बँक दर काही वर्षांनी प्रत्येक कर्जदार देशात मतसर्वेक्षण करते. विकासाचे अग्रक्रम कोणते आणि बँक कितपत उपयोगी, असे तिचे प्रश्न. उत्तरे देणारे मात्र अधिकारी, पत्रकार, उद्योजक, प्राध्यापक, संस्थांचे पदाधिकारी. धान लावणारी मजूर बाई त्यात नसते. सामान्य मतदाराला विचारणाऱ्या ‘लोकनीती–सीएसडीएस’च्या २०२४ च्या निवडणूकपूर्व पाहणीत २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई हा मुख्य प्रश्न सांगितला.

कर्जदाता लोकांना दिसतच नाही, याचे एक साधे कारण गावाच्या पाटीवर आहे. २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर १५ जिल्ह्यांत सुरू झालेला कृषी प्रकल्प (‘पोकरा’) नानाजी देशमुखांच्या नावाने आहे, पुढचा ‘स्मार्ट’ प्रकल्प बाळासाहेब ठाकरे यांच्या. शेतकरी ‘पोकरातून ठिबक मिळाले’ म्हणतो आणि श्रेय द्यायचे तर कृषी सहायकाला देतो. कर्जाची परतफेड सरकारी तिजोरीतून होत असल्याने त्याचेही गणित त्याच्या कानावर येत नाही. बँकेचे नाव गावात पहिल्यांदा ऐकू येते ते भूसंपादनाची नोटीस चावडीवर लागते तेव्हा.

नवे कर्जदाते : मुंबई मेट्रोच्या २अ व ७ या मार्गांना आशियाई विकास बँकेबरोबर शांघायच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचा पैसा आहे. उपनगरी रेल्वेच्या तिसऱ्या टप्प्याला २०१९ मध्ये बीजिंगमध्ये मुख्यालय असलेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेने ५० कोटी डॉलर मंजूर केले. या बँकेत चीन सर्वांत मोठा भागधारक असून भारताचा क्रमांक दुसरा, आणि कर्ज घेण्यात भारत आघाडीवर. सीमेवरच्या तणावाने लोकलच्या गर्दीतले मत बदलल्याचे दिसलेले नाही. आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेनेही २०१९ मध्ये प्रकल्पबाधितांसाठी तक्रार यंत्रणा सुरू केली. तिथेही अर्जावर किमान दोन बाधितांची नावे लागतात.