मालकी आणि नियंत्रण : १९५१ च्या उद्योग अधिनियमाचा एक विचार

अर्थव्यवस्थांचे वर्गीकरण करताना उत्पादनसाधनांची मालकी कोणाकडे, हा प्रश्न प्रथम विचारण्याचा प्रघात आहे. खाजगी मालकी असल्यास भांडवलशाही, सरकारी असल्यास समाजवाद, दोन्ही असल्यास मिश्र अर्थव्यवस्था. परंतु १९३६ नंतरच्या जर्मनीत बहुतेक कारखाने खाजगी मालकीचेच राहिले. कच्चा माल, किंमत व वेतन यांविषयीचे निर्णय मात्र मोठ्या प्रमाणावर शासनाकडे गेले. अशा व्यवस्थेचे स्वरूप मालकीच्या निकषाने कळत नाही.

भारतीय उद्योगपतींनी हा भेद लवकर ओळखला होता. पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला प्रभृतींच्या १९४४ च्या 'मुंबई योजने'त सरकारी मालकीपेक्षा सरकारी नियंत्रणास अधिक महत्त्व दिलेले आढळते. मालकी सुरक्षित राहावी म्हणून नियंत्रणास दिलेली ही संमती होती, असे म्हणण्यास जागा आहे.

उद्योग (विकास व नियमन) अधिनियम १९५१ मध्ये संमत झाला व ८ मे १९५२ पासून अंमलात आला. अनुसूचित उद्योगांत नवा कारखाना काढणे, नवी वस्तू उत्पादित करणे किंवा उत्पादनशक्ती विशेष वाढविणे यांसाठी परवाना आवश्यक ठरला. युद्धकाळापासून मराठीत 'कंट्रोल' हा शब्द रुळला तो 'कंट्रोलचे धान्य', 'कंट्रोलचा भाव' अशा प्रयोगांतून. ते नियंत्रण दुकानावर होते. परवान्याचे नियंत्रण कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी होते. एकाच शब्दाने दोहोंचा निर्देश झाल्यामुळे विवेचनात बराच घोटाळा झालेला आहे. प्रवेशद्वार रोखले म्हणजे बाहेरच्याची अडवणूक होते. आत असलेल्यास त्याच अडसराचे संरक्षण लाभते.

नेमके हेच घडले. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ आर. के. हजारी यांनी १९६७ च्या अहवालात दाखविले की, मोठी उद्योगघराणी अनेक अर्ज करून परवाने आधीच अडवून ठेवीत. आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण टाळण्याचा हेतू बाळगणारी व्यवस्था त्या केंद्रीकरणास उपकारक ठरली. १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी अधिनियम करावा लागला, तोही पुन्हा परवानगीच्याच मार्गाने! येथे शासनाचे नियंत्रण कमी नव्हते. ते चुकीच्या ठिकाणी होते.

महाराष्ट्रातील साखर उद्योगात मात्र त्याच परवान्याचे फळ निराळे मिळाले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला होता. पुढे परवाने देताना सहकारी संस्थांना प्राधान्य मिळाल्याने ऊस पिकविणारे शेतकरी भागधारक झाले. ही मालकी रूढ अर्थाने ना सरकारी, ना भांडवलदारांची. नियंत्रणाचा जोर किती, याइतकेच ते कोणासाठी दार उघडते हेही पाहावे लागते, याचे हे उदाहरण होय.

२४ जुलै १९९१ च्या धोरणाने अठरा उद्योग वगळता परवानापद्धती संपुष्टात आली. १९५१ चा अधिनियम रद्द झाला नाही. सूट अधिसूचनेने दिली गेली.