इंजिन दुसऱ्याचं, विमान आपलं

घरी विमान बांधणाऱ्यांचा शंभर वर्षांचा इतिहास चाळला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विमान ते स्वतः बांधतात, पण इंजिन मात्र भलत्याच कशासाठी तरी बनलेलं असतं. मोटारीचं, मोटारसायकलचं, जनरेटरचं. मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीचं काम केलं. हात काळे व्हायला सुरुवात झाली फ्लाइंग क्लबच्या पुष्पकवर. एचएएलचं ते दोन सीटांचं विमान, नाकात ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल आणि पंखा हाताने फिरवून सुरू करायचं. त्यामुळे अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये गराजात आरव्ही-७ हे किटचं विमान बांधणाऱ्या भाच्याने फोनवर विचारलं, “मामा, इंजिन कोणतं घेऊ आणि पॅनेलवर काय लावू?”, तेव्हा मी त्याला कॅटलॉगमधलं काही सांगितलं नाही. आधी पीटनपोलची गोष्ट सांगितली.

बर्नार्ड पीटनपोल हा मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातला मेकॅनिक. इंजिनिअरिंग तो स्वतःचं स्वतः शिकला. त्या काळी खऱ्याखुऱ्या विमान-इंजिनाची किंमत खेड्यातल्या माणसाच्या आवाक्याबाहेर, पण फोर्ड मोटारी जिकडेतिकडे. त्याने मॉडेल ए फोर्डचं ४० अश्वशक्तीचं इंजिन लाकडी, कापड चढवलेल्या ‘एअर कॅम्पर’वर बसवलं. निवड भाबडी नव्हती. ते इंजिन कमी फेऱ्यांत जोर देणारं, म्हणून पंखा गिअरशिवाय थेट शाफ्टवर बसवता येई. पाण्याचा रेडिएटर मात्र वैमानिकाच्या नाकासमोर उभा राही, आणि समोरचं निम्मं जग त्याच्याआड जाई. मोटारीच्या इंजिनावर विमान धड उडणार नाही, असं ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांचं मत होतं. पीटनपोलने वाद घातला नाही. १९३० मध्ये विमान उडवत मिनियापोलिसला नेलं आणि दाखवलं. पुढे त्याच मासिकाच्या मंडळींनी त्याचे नकाशे छापले. मंदीचे दिवस होते, मॉडेल एचं इंजिनही अनेकांना परवडेना, म्हणून त्याने आणखी जुन्या मॉडेल टीच्या इंजिनावर चालणारं एका सीटचं ‘स्काय स्काउट’ काढलं. एअर कॅम्पर आजही लोक बांधतात.

फ्रान्समध्ये आंरी मिन्ये याने त्याच सुमारास मोटारसायकलच्या जातीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर ‘पू-दु-सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ, उडवली. युरोपभर तिची लाट आली, माणसं मेली आणि १९३६ च्या सुमारास बंदीही आली. तिथे दोष इंजिनाचा नव्हता, पंखांच्या रचनेचा होता, म्हणून ते इथेच सोडतो.

अमेरिकेतही तिसाच्या दशकात बहुतेक राज्यांनी बिनपरवाना घरगुती विमानांना मनाई केली. ऑरेगॉन तेवढं अपवाद राहिलं. युद्धानंतर नियम सैल झाले, १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी मिलवॉकीत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली आणि या छंदाला घर मिळालं. इंजिनं मिळाली लष्करी भंगारातून. जमिनीवर उभ्या विमानाला वीज पुरवण्यासाठी जे जनरेटर असत, त्यांत १२५ अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-२९० जी असे. जॉन थॉर्प या अनुभवी डिझायनरने आपलं टी-१८ चक्क या जनरेटरच्या इंजिनाभोवती आखलं. मला हा माणूस फार आवडतो. विमान आधी आणि इंजिन मग, असं त्याने केलं नाही. हातात काय आहे ते बघून त्याने पेन्सिल उचलली.

याच्या नेमकं उलट वागण्याचं फळ म्हणजे बीडी-५. जिम बीड यांचं हे इवलंसं, एका सीटचं विमान १९७१ मध्ये उडालं आणि लोक अक्षरशः वेडे झाले. इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, तिथून लांब शाफ्टने शेपटाकडच्या पंख्याला जोडलेलं. किटं हजारोंनी विकली गेली. एक गोष्ट मात्र ठरली नव्हती, ती म्हणजे इंजिन. पहिलं जमलं नाही म्हणून जर्मनीच्या हर्थचं टू-स्ट्रोक निवडलं, तर १९७४ मध्ये हर्थचं दिवाळं निघालं. मग जपानी झेनोआची वाट बघणं आलं. लोकांच्या गराजात सांगाडे तयार होऊन धूळ खात पडले. कुणी होंडाच्या मोटारीचं इंजिन बसवून बघितलं, कुणी आणखी काही. लांब शाफ्टला पिळवटणारी कंपनं आवरेनात. किटं गेली पाच हजारांवर, उडाली त्यातली काही शेकडेच. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’त जेम्स बाँड जे चिमुकलं जेट उडवतो, ते याच विमानाचं रूप. भारतात या सिनेमातलं उदयपूर लोकांच्या लक्षात राहिलं, विमान फारसं कुणाच्या नाही.

बीड यांच्याकडे त्या दिवसांत बर्ट रुटान नावाचा तरुण इंजिनिअर कामाला होता. हा सगळा घोळ त्याने आतून पाहिला. १९७४ मध्ये तो बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी त्याने व्हेरीईझी उडवलं. पहिल्या नमुन्यात मोटारीचंच, फोक्सवॅगनचं इंजिन होतं. त्याच विमानाने त्या वर्षी अंतराचा जागतिक विक्रमही केला, पण पहिला प्रयत्न इंजिनाने दगा दिल्यामुळे फसला होता. लोकांना विकायचे नकाशे काढताना रुटानने फोक्सवॅगन बाजूला ठेवलं आणि कॉन्टिनेंटल ओ-२०० धरलं, सेसना-१५० मधलं साधं इंजिन.

मोटारीचं इंजिन विमानात का दमतं, हे वर्कशॉपमध्ये राबलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर गाडी आपल्या पूर्ण ताकदीचा लहानसा हिस्सा वापरते, विमान मात्र तासन् तास पाऊण ताकदीवर ओढतं. शिवाय पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली की पंखा नुसता कोकलतो, ओढत नाही. म्हणून लायकमिंग २७०० फेऱ्यांवर थांबतं. मोटारीचं इंजिन त्याच्या दुप्पट फिरतं, मग मध्ये गिअर किंवा पट्टा घालावा लागतो, आणि तिथेच गोष्टी तुटतात. लायकमिंगची आखणी पन्नासच्या दशकातली, पण दर सिलिंडरला दोन प्लग आणि दोन मॅग्नेटो. बॅटरी मेली तरी ठिणगी चालू. ऑरेगॉनच्याच रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी आपल्या आरव्ही मालिकेसाठी मुख्यतः हीच इंजिनं धरली, आणि आज ११,००० हून अधिक आरव्ही उडाली आहेत. एक नवं लायकमिंग आरव्ही-७ च्या अख्ख्या सांगाड्याच्या किटपेक्षा महाग पडतं, हे मात्र भाच्याचं दुःख खरं आहे.

गिअरचा प्रश्न व्यवस्थित सोडवला तो ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने. १९८९ पासून विकलं जाणारं ९१२ हे इंजिन ५८०० फेऱ्यांपर्यंत जातं, गिअरबॉक्स त्या निम्म्याहून कमी करून पंख्याला देतो, आणि सिलिंडरची डोकी पाण्याने थंड होतात. आपले एनसीसीचे कॅडेट ज्या पिपिस्ट्रेल व्हायरसवर उडतात, त्यातही हेच आहे. पण हे घडलं कारखान्यात, वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर. गराजात नव्हे.

पॅनेलचा इतिहास याच्या अगदी उलटा चालतो, आणि तिथे मी भाच्याला मोकळा सोडतो. जुन्या पायपर कबमध्ये पेट्रोल किती उरलं ते टाकीवरच्या बुचात उभी राहिलेली तार सांगे, खाली कॉर्क तरंगत असे. इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, उंची, वेग, होकायंत्र, संपलं. पुढे जायरोची यंत्रं आली, व्हॅक्यूम पंपावर चालणारी, आणि तो पंप ढगात बंद पडण्याबद्दल प्रसिद्ध होता. कारखान्यातल्या छोट्या विमानांत हीच यंत्रं दशकानुदशकं टिकली, कारण नवं काही लावायचं तर मंजुरीचा खर्च विमानाएवढा. घरगुती विमानाला ती अट नव्हती. मोटारींमुळे स्वस्त झालेल्या चिपमधल्या जायरोंवर वॉशिंग्टन राज्यातल्या डायनन कंपनीने २००३ मध्ये डी-१० नावाचा छोटा पडदा आणला. क्षितिज, वेग, उंची, दिशा, सगळं एका चौकटीत. तो आधी आरव्हीवाल्यांनी लावला, सेसनावाल्यांनी नुसता बघितला.

पडद्याबद्दल मी फार बोलत नाही. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याबद्दल बोलतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर मॉन्टेरे उपसागरात कोसळून गेले. विमान रुटानचंच लाँग-ईझी, सेकंड हँड घेतलेलं. नकाशात टाकी बदलण्याची चावी वैमानिकाच्या समोर होती. मूळ बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली होती. ती फिरवायला मागे वळावं लागे, आणि पेट्रोलची पातळीही मागेच दिसे. इंजिनात काही बिघाड नव्हता.

म्हणून माझं मत असं: इंजिन ते घ्या, ज्यात बिघडण्यासारखं जे काही होतं ते आधीच्या हजारो लोकांनी बिघडवून पाहिलं आहे. पडदा हवा तो घ्या, त्याला वेगळी बॅटरी द्या. पेट्रोलची चावी मात्र नकाशात असेल तिथेच ठेवा. पडद्यांच्या बाबतीत हौशी मंडळींवर भरवसा ठेवायला हरकत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या अर्जावर डायननचा तोच पडदा, सुधारलेल्या रूपात, कारखान्यात बनलेल्या सेसना-१७२ मध्ये लावायला मंजुरी दिली.