हवेची हद्द कुणी आखली?

२०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढली, तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्याचा उरलेला भाग आत आला आणि शेजारचा रोहा बाहेरच राहिला. रस्ते, घरं, पाणी यांसाठी कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण हवाही त्याच रेघेने वाटली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ढासळत्या हवेची स्वतःहून दखल घेतली, आणि पुढचे आदेश सुटले ते मुंबई व महानगर प्रदेशातल्या यंत्रणांना. पेणमधला डोलवीचा पोलाद कारखाना रेघेच्या आत. रोह्यातला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि धाटावची रासायनिक वसाहत बाहेर. डोलवी ते नागोठणं हा महामार्गावरचा जेमतेम अर्ध्या तासाचा पल्ला. तोही रुंदीकरणाची धूळ खात.

हवेला कुंपण घालायची ही खोड जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या धुरासाठी १९१२ मध्ये ‘स्मोक न्यूसन्स’ कायदा झाला. त्या काळी धूर जोखायचा तो डोळ्यांनी. मदतीला असे फ्रेंच प्राध्यापक रिंगेलमान यांचा १८८८ सालचा तक्ता. पांढऱ्या कागदावर कमी-अधिक जाडीच्या काळ्या रेघांची जाळी. कागद लांबून पाहिला की रेघा एकमेकींत मिसळून करडा रंग दिसतो. चिमणीचा धूर शून्य ते पाच यांपैकी कोणत्या छटेशी जुळतो ते बघायचं, झालं. गंधकाचा वायू बिनरंगी, तो या परीक्षेत कायमच पास. आणि चिमणीच्या तोंडातून सुटलेला धूर पुढे कुणाच्या वाळवणावर बसतो, हा प्रश्न तक्त्याला पडतच नसे.

पुढे उपाय निघाला तो चिमणी उंच करण्याचा. लंडनमध्ये १९५२ च्या धुक्याने हजारो माणसं मारली, १९५६ मध्ये ब्रिटनने कायदा केला, वीजकेंद्रांच्या चिमण्या आकाशाला भिडल्या. लंडन निवळलं, आणि काही वर्षांत स्वीडनचे शास्त्रज्ञ सांगू लागले की आमची तळी आंबट होताहेत. हवेसाठी देशांनी एकत्र बसण्याची गोष्ट खरी इथून सुरू होते. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९७९ चा जिनिव्हा करार आणि आपल्याकडे दक्षिण आशियातल्या देशांचा १९९८ चा माले जाहीरनामा ही त्याच वंशातली नावं.

उंच चिमणीचं गणित आपल्याही नियमात आहे. ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो, त्या आकड्याचा ०.३ वा घात घ्यायचा आणि १४ ने गुणायचं. येईल तितके मीटर चिमणी, कमीत कमी ३०. ताशी २० किलोला साधारण ३४ मीटर. वायू दुप्पट झाला, ४० किलो, तरी ४२ मीटर पुरतात. म्हणजे आठ मीटर विटा-सिमेंट चढवलं की दुप्पट वायूची सोय होते! वायू तेवढाच खाली येतो, फक्त जरा लांब. सूत्र कारखान्याच्या आवाराची काळजी घेतं. ‘जरा लांब’ राहणाऱ्यांनी आपलं बघावं.

आपल्या हवेच्या कायद्याचं मूळ मात्र या सूत्रापेक्षा मोठ्या मनाचं होतं. १९७४ चा पाण्याचा कायदा राज्यांच्या ठरावांवर उभा राहिला. १९८१ चा हवेचा कायदा संसदेने केला तो स्टॉकहोममध्ये दिलेला शब्द पाळण्यासाठी, संविधानाच्या २५३ व्या कलमाखाली. महाराष्ट्रात १९८३ मध्ये काही ठरावीक भाग ‘वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ झाले, आणि ६ नोव्हेंबर १९९६ पासून अख्खं राज्य. म्हणजे कागदावरची कुंपणं तेव्हाच पडली होती. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने ती पुन्हा घातली, या वेळी शहरांभोवती. महाराष्ट्रातली १९ शहरं त्यात आहेत. रायगड जिल्ह्यातलं एकही नाही. जिल्ह्याच्या हवेची जबाबदारी असलेलं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालयही सीबीडी बेलापूरला, ठाणे जिल्ह्यात. यात कुणाचा डाव नाही, सोय आहे. पण सोयीसोयीनेच हद्दी पक्क्या होतात.

मोजणी कशी चालते, हेही बघायला हवं. हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या हाती चालणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, चोवीस तास नमुना घेतात. वजन करून ठेवलेला काचतंतूंचा पांढरा कागद यंत्रात बसवतात. आठ तासांनी काढतात तेव्हा तो करडा झालेला असतो. पुन्हा वजन, फरक तेवढी धूळ. बाजूला काचनळ्यांतल्या द्रावणातून हवा बुडबुडत जाते, प्रयोगशाळेत द्रावणाला जांभळट-गुलाबी रंग चढतो. रंग जितका गडद तितका वायू जास्त. वर्षाला १०४ दिवस धरायचे. कागद खोटं बोलत नाही, पण धूळ डोलवीची, महामार्गाची की नागोठण्याची हे तो एकटा सांगू शकत नाही. त्याला शेजारच्या तालुक्यातला कागद आणि त्या दिवसाचा वारा जोडावा लागतो. खाडी आणि सह्याद्री यांमधल्या या चिंचोळ्या पट्टीत थंडीत रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी खारा वारा आत येतो. सकाळी गेलेला धूर संध्याकाळपर्यंत परतही येऊ शकतो.

जिल्ह्याने एकत्र बसण्याची रीत इथे आहे, ती अपघातातून आली. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या वायुप्रकल्पात गळती होऊन स्फोट झाला, माणसं गेली. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणि खाली स्थानिक गट आणले. कारखाने, अग्निशमन, आरोग्य, प्रदूषण मंडळ सगळे एका टेबलाशी. इथली रेघ जिल्ह्याची, महानगराची नव्हे. त्यामुळे पेण आणि रोहा दोघेही आत. रोजचा धूर तेवढा या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नाही.

२०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पोलाद, पेट्रोकेमिकल, कीटकनाशकं अशा १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत चालणारं ऑनलाइन यंत्र बसवायला सांगितलं आहे. आकडे मंडळाच्या सर्व्हरवर जातात. डोलवी, नागोठणं आणि धाटावचे हे आकडे त्या-त्या दिवसाच्या वाऱ्यासोबत एका कागदावर घेऊन संकट गटापुढे ठेवायला नवा कायदा लागत नाही. सुरुवात ऑक्टोबरच्या बैठकीपासून करावी, कारण पुढचे चार महिने वारा मंद आणि धूर खाली बसणारा असतो.